तीन दिवसांचा चहा

तमाम भिलाईकर मराठी बंधू-भगिनींना, मंडळाच्या आजी, माजी आणि होऊ घातलेल्या पदाधिकाऱ्यांना, तसेच माझ्यासाठी टाळ्या वाजवून ज्यांचे तळहात लाल झाले त्या सर्व रसिकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की — विषय: स्टीलचा एक गिलास. उंची चार बोटं. काठाला एके ठिकाणी पोचा. बूड काळपट. सध्याचा मुक्काम माझ्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात, तीन ट्रॉफ्यांच्या मधोमध. तरी सर्वांनी कृपया उभं राहावं.

बसा आता. झाली माझी गंमत करून.

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि तुम्हाला तर माहीतच आहे, माझ्या पोटात काही राहत नाही. मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसातला बाबू, दिवसभर दुसऱ्यांची हजेरी लावायची आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये स्वतः हजर. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या रिटायरमेंटच्या पार्टीत — "भाऊ, तो किस्सा होऊन जाऊ द्या" असं कुणी म्हटलं की मी खुर्ची मागे सरकवून उभा राहतोच. आवाज काढतो, डोळे फिरवतो, शेवटच्या वाक्याआधी थांबतो. हा गिलासाचा किस्साही मी शेकडो वेळा सांगितला आहे. फक्त खोटा सांगितला आहे.

मग आज खरा का? गेल्या आठवड्यात मंडळाचे सेक्रेटरी ढोबळेसाहेब यांचा फोन आला म्हणून.

"भाऊ, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या ना. विषय मस्त आहे — कला, साहित्य अन्‌ सामाजिक न्याय, रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ काय. तुमच्याशिवाय कोण लिहीन? अन्‌ हो, तो नाटकातला गिलास पण द्या. हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवून राहिलो आपण. खाली पितळी पाटी. त्या फेमस वाक्याची."

मी हो म्हणालो. मी नेहमी हो म्हणतो. फोन ठेवला, कपाट उघडलं, गिलास हातात घेतला — आणि तो समोर ठेवून लिहायला बसलो. तर ढोबळेसाहेब, ही तुमची दोन पानं. जरा जास्त होतील.

सुकवारोबाई आमच्याकडे धुणीभांडी करायची. कुरुदहून यायची, सायकलीवर. तेव्हा कुरुद म्हणजे शेतं आणि मातीची घरं. अंगानं काटकुळी, पण हसणं असं की मागच्या अंगणात ती हसली तर पुढच्या दाराशी उभ्या माणसाला कळायचं, सुकवारो आली. आमच्या घरातलं एकूण एक भांडं तिच्या हातून जायचं. देवाची तांब्या-पळी सोडून सगळं. मी ज्या ताटात जेवायचो, ज्या वाटीतलं वरण प्यायचो, ज्या गिलासानं पाणी घटाघटा रिचवायचो, ते सगळं ती राखेनं घासून लखलखीत करायची.

आणि तिचा चहा वेगळ्या गिलासात.

तो गिलास मागच्या खिडकीच्या कठड्यावर पालथा असायचा, बाहेरच्या बाजूनं. काम आटोपलं की ती तो उचलायची, बायको वरून चहा ओतायची — किटली गिलासाला लागणार नाही अशा बेतानं, चांगलं वीतभर वरून — ती पायरीवर बसून प्यायची, स्वतः विसळायची आणि परत पालथा घालायची. आमच्या घरात लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. पळीवरसुद्धा. त्या एका गिलासावर नाव नव्हतं. गरजच काय होती? तिची जात आम्ही तिला कधी विचारली नाही, ही गोष्टही मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. विचारायची गरज पडली नाही, कारण गिलास आधीच ठरलेला होता.

आता पुढचं ऐका आणि हसा — मीही हसायचो. त्याच दिवसांत गणपतीतल्या एकांकिका स्पर्धेसाठी मी नाटक लिहिलं. विषय कोणता? एका साहेबाच्या घरी कामाला येणारी बाई आणि तिचा वेगळा गिलास!

सुचलं कुठून, असं लोक विचारायचे. मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "समाजाकडे डोळे उघडे ठेवून बघावं लागतं." डोळे उघडे होतेच की. दाढी करायचा माझा आरसा त्याच खिडकीत टांगलेला होता. रोज सकाळी आरशात मी आणि आरशाखाली तो गिलास. मला तो दिसला, पण नाटकाचा विषय म्हणून दिसला. घरातली गोष्ट म्हणून दिसलाच नाही. हे कसं होतं? मला खरंच सांगता येत नाही.

नाटकात साहेबाचं काम माझं. बाईचं काम शैलावहिनींचं, आमच्याच ब्लॉकमधल्या एका शिफ्ट इंचार्जच्या त्या पत्नी. शेवटचा प्रसंग असा की अपमान झालेली बाई रंगमंचावर एकटी उभी. साहेब शरमेनं खाली उतरून प्रेक्षकांमधून चालत हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन थांबलेला. बाई गिलास उंच धरते आणि सगळ्या सभागृहाला विचारते, "ह्याच्यावर नाव नाही. हा गिलास कुणाचा?" मग शांतता. मी संहितेत लिहिलं होतं: पाच आकडे मनात मोजावेत. प्रेक्षकांनी आतल्या आत चरकावं. मग साहेब परत वर येतो, तिच्या हातातून गिलास घेतो, त्यातलं पाणी पितो. पडदा.

तालमीत बाजारातून आणलेला नवा गिलास होता. नुसता चमकायचा. शैलावहिनी तो धरायच्या तेव्हा वाटायचं, ह्या बक्षीस समारंभाला आल्या आहेत. स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. मी सकाळी उठलो, खिडकीतून हात बाहेर काढला, सुकवारोचा गिलास उचलला, पेपरात गुंडाळला आणि स्कूटरच्या डिकीत टाकला. हॉलवर सगळ्यांना सांगितलं, कबाडीकडून आणला.

"वा भाऊ, याले म्हणतात अभ्यास!" असं नाटकात पेटी वाजवणारा म्हणाला. शैलावहिनींनी मात्र दोन बोटांनी धरून विचारलं, "कबाडीचा? धुतला आहे ना नीट?"

धुतला होता हो. मी स्वतः. दोनदा. साबणानं, मग उकळत्या पाण्यानं. का? कारण तो माझ्या ओठांना लागणार होता. ती आमची सगळी भांडी धुवायची, आणि मी तिचं धुतलं ते असं.

पण खरी गोष्ट हीसुद्धा नाही. मी अजून रेंगाळतोच आहे, बघा. नाटकवाल्याची सवय — पडदा वर गेला तरी विंगेत पाय घासत राहायचं.

पहिल्या दिवशी काम संपवून सुकवारो पायरीवर आली. मी आतल्या खोलीत आरामखुर्चीत, हातात संहिता, साहेबाचं पश्चात्तापाचं भाषण पाठ करत होतो. तोंडानं घोकत होतो की माणसाला माणसाच्या ओठांचा विटाळ कसा होईल — असंच काहीतरी, जोरदार. आणि मागून आवाज आला.

"सुकवारो, तेरा गिलास किधर गया?" बायको विचारत होती.

"इहेंच तो राखे रहेंव बाई." इथंच तर ठेवला होता, ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली.

"दिखता तो नहीं. अब चाय किसमें दूँ तेरे को?"

सुकवारो म्हणाली, "नइ बाई, रहन दे."

स्वयंपाकघरात फळीवर एक डझन गिलास होते. नाव कोरलेले. तिनंच घासून उपडे ठेवलेले, अजून ओले. मी खुर्चीतून उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती. "मी नेला आहे" हे एक. "ह्यातल्या एखाद्यात दे" हे दुसरं. पहिलं बोललो नाही, कारण मग बायकोनं प्रश्न विचारले असते. आणि दुसरं? ते मला सुचलंच नाही! तेच वाक्य पानभर फुगवून मी पाठ करत होतो, आणि ते माझ्याच घराच्या मागच्या दारात लागू आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बायकोला वाईट म्हणू नका. ती हळहळली, कठड्याखाली शोधलं, मांजरानं नेला का म्हणाली. तिला फळी दिसत नव्हती, मला गिलास कुठे आहे ते ठाऊक होतं. वाईट कोण?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी भाषण थांबवून ऐकलं आणि परत घोकायला लागलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलंही नाही. सुकवारो पदरानं घाम पुसत, बंद खिडकीकडे एकदा बघून सायकल काढत होती, तेव्हा मी बाहेर आलो — चहा द्यायला नाही हो, आमंत्रण द्यायला!

"सुकवारो, आज शाम को नाटक है हमारा. तुम्हीं लोगों पर है. ज़रूर आना."

तिथं आपल्याला बसू देतील, हे तिला आधी खरंच वाटलं नाही. "बाबू, उहाँ मोला बइठन दिहीं?"

"मैं बोल रहा हूँ ना!" मी म्हणालो. किती मोठं मन! परीक्षकांना सांगता येणार होतं की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्याही आज सभागृहात आहेत. ती आली. हिरवं ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, कपाळाला टिकली. मी तिची जागाही स्वतः दाखवली — सगळ्यात मागं, दाराजवळ, सतरंजीवर. खुर्च्या भरल्या नव्हत्या.

नाटक रंगलं. ते मला रंगवता येतं, त्याबद्दल नम्रपणा नको. शेवटचा प्रसंग आला. मी मान खाली घालून प्रेक्षकांमधून चालत मागच्या दाराशी येऊन उभा राहिलो. सुकवारो माझ्या पायाशी बसलेली, हात लांब केला असता तर डोक्याला लागला असता. वर शैलावहिनींनी गिलास उंच धरला. प्रकाश नेमका पोच्यावर पडला. "ह्याच्यावर नाव नाही. हा गिलास कुणाचा?"

एक. दोन. तीन —

आणि सुकवारोनं उत्तर दिलं.

काय करणार ती? तिला कुणी सांगितलं होतं का, की नाटकातले प्रश्न उत्तरासाठी नसतात? इतके लोक गप्प बसलेत, उत्तर तिला एकटीला माहीत आहे. तिला आनंद झाला हो! हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद. ती अर्धी उठली आणि बोट दाखवून मोठ्यानं बोलली. दोन वाक्यं. पहिलं सगळ्या हॉलनं ऐकलं. दुसरं टाळ्यांत बुडालं. ते फक्त मी ऐकलं, कारण मी तिच्या डोक्याशीच उभा होतो, आणि दुसरं बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, हे नाटकातलंच. मला एका क्षणात कळलं की त्यांना असं वाटतं आहे — आणि त्याच क्षणात मी ठरवलं की तसंच वाटू द्यायचं. तिच्याकडे पाठ करून मी रंगमंचाकडे धावलो. गिलास घेतला. प्यायलो.

नाही. प्यायलो नाही. हेही आज लिहूनच टाकतो. गिलास ओठांपासून बोटभर लांब धरला, मान मागे टाकली, घशाची घाटी हलवली. पाणी सगळं शर्टावर सांडलं. परीक्षक पुढे म्हणाले की ते अश्रूंसारखं वाटलं. त्या नाटकाचे प्रयोग मी नागपूरला केले, रायपूरला केले, कुठे कुठे केले. दरवेळी असाच प्यायलो. आजतागायत त्या गिलासाला माझे ओठ लागलेले नाहीत.

बक्षीस जाहीर झाल्यावर परीक्षक विंगेत आले. म्हणाले, प्रेक्षकांत बसवलेली ती बाई, काय कमाल कल्पना, भेटवा तिला. आणि मागच्या दारातून आमचा स्वयंसेवक सांगत आला, "भाऊ, एक बाई उभी आहे बाहेर, गिलास मांगून राहिली."

दार अर्धं उघडं होतं. मला हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. मी स्वयंसेवकाच्या कानात सांगितलं, "तिला म्हणा घरी जा. दार लावून घ्या." आणि परीक्षकांकडे वळून हसत म्हणालो, "ती होय? जामुलची आपली कलाकार आहे. फार लाजाळू. शेवटची बस चुकली असती म्हणून गेली बिचारी." जामुल! बस! किती सहज येतं मला. दाराची कडी लागल्याचा आवाज माझ्या मागे झाला आणि मी त्याच्यावर आवाज चढवून बोलत राहिलो.

घरी बायको रुसलेली. "सुकवारोले सांगितलं, शिकवलं, अन्‌ मले नाही? मी तीन दिवस गिलास शोधून राहिली येड्यावानी. कावून नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "तुला सांगितलं असतं तर हॉलमध्ये तुझा चकित चेहरा खरा राहिला असता का?" ती हसली. तिला ते कौतुक वाटलं. तेव्हापासून तिच्याही लेखी ते माझंच दिग्दर्शन आहे. आज ती हे छापलेलं वाचेल तेव्हा तिला कळेल.

गिलास परत दिला नाही. पुढचे प्रयोग होते. बायकोनं बाजारातून नवा आणला. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, आपल्यात मिसळायला नको म्हणून. कठड्यावर पालथा घातला. सुकवारोनं तो बघितला आणि म्हणाली, "आज उपास हे बाई." दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर आम्ही त्या क्वार्टरमध्ये चार वर्षं होतो आणि चारही वर्षं तिचा रोज उपास होता. आम्ही आपसांत म्हणायचो, किती धार्मिक आहे! नाटकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर तिचं ते हसू पुढच्या दारापर्यंत आल्याचं मला आठवत नाही.

आणि तिचं वाक्य? ते मी सुधारलं. मला कच्चा माल चालत नाही. पुढच्या प्रयोगांत प्रेक्षकांत एक बाई बसवायचो, धुतलेली साडी नेसवून, मुद्दाम मळवून. ती उठून म्हणायची, "हा गिलास माझा आहे! पिढ्यान्‌पिढ्या मी त्याला शोधते आहे!" हेच ते फेमस वाक्य. पुस्तकात छापलं आहे. कॉलेजातली मुलं ते भाषणात वापरतात. एका मुलीनं मला रडत सांगितलं की ह्या वाक्यानं तिला न्याय म्हणजे काय ते कळलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं विचारलं, सर, हे सुचलं कसं? मी म्हणालो, दाढी करताना.

पिढ्यान्‌पिढ्या! थू. तिनं पिढ्यांचं नाव काढलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की सकाळपासून चार घरची भांडी घासल्यावर काहीतरी गरम पोटात जावं. मी ते काढून तिच्या तोंडात पिढ्या कोंबल्या. इतकं मोठं वाक्य केलं की त्यात माझं घर, माझी खिडकी, माझी खुर्ची कुठेच दिसू नये.

परवा गिलास घेऊन कुरुदला गेलो होतो. तिथे आता फ्लॅट झाले आहेत, शोरूम झाल्या आहेत. एका पानठेल्यावर थांबलो. ठेलेवाला विचारत होता, किसके घर जाना है? नाव ओठांवर होतं. मी म्हणालो, एक मीठा पान बनाओ. पान खाल्लं, स्कूटर वळवली. ती आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

रविवारी पेटी बसणार आहे. ढोबळेसाहेब, गिलास पाठवत आहे. पाटीवर माझं वाक्य कोरू नका, माझं नावही नको. त्या दिवशी हॉलच्या मागच्या दाराजवळ, सतरंजीवरून, सुकवारोबाई जे खरोखर बोलली ते जसंच्या तसं देतो आहे. तेवढंच कोरा:

"अई! ए तो मोर गिलास आय! तीन दिन होगे बाबू, मोला चाहा नइ मिले हे!"